उभ्या पाण्याचा कालवा

आमच्याकडे कालव्याला पाणी सुटते. या क्रियापदाची मला लहानपणापासून इतकी सवय आहे की, कालव्यात पाणी 'असते' असे कुणी म्हटले तर आजही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. बारामती तालुक्यातील आमच्या गावावरून नीरा डावा कालवा जातो. इंग्रजांनी तो १८८०च्या दशकात काढला, पण गावात त्याचे वय कुणी विचारत नाही. आवर्तन कधी सुटणार आणि आपली पाळी दिवसाची की रात्रीची, एवढेच विचारतात. रात्रीची पाळी आली की आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळे गाव तात्या म्हणते, खांद्यावर खोरे टाकून उसाला दारे धरायला निघत आणि बॅटरी घेऊन पुढे चालण्याचे काम माझ्याकडे असे. चारीचे पाणी सरीत शिरले की दिवसभर तापलेली माती ते आवाज करत पिते. तो आवाज एका सरीत थांबला की पुढच्या सरीचे दार फोडायचे, हे मी अंधारात बांधावर बसून शिकले.

तात्यांच्या तरुणपणाची सोळा वर्षे मुंबईत गेली होती. गिरणगावातील एका गिरणीत ते रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांच्यापुरती गिरणी बंद झाली ती कायमचीच. वर्षभर वाट पाहून ते गावी आले आणि वाट्याला आलेल्या अडीच एकरांत राबू लागले. दारे धरता धरता ते गिरणीतल्या गोष्टी सांगत. त्यांच्या खात्यातल्या जुन्या यंत्रांच्या बिडाच्या चौकटीवर उठावाच्या अक्षरांत कारखान्याचे नाव होते आणि त्याखाली गावाचे. तात्या सातवी शिकलेले, इंग्रजीशी त्यांचा संबंध तेवढ्यापुरताच आला. पण सोळा वर्षे रोज तेलाच्या फडक्याने तीच अक्षरे पुसून त्यांना ती पाठ झाली होती. ते गाव म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे बोल्टन.

नोकरीच्या निमित्ताने त्याच बोल्टनला येऊन मला आता नऊ वर्षे झाली. इथे एक बंद पडलेला कालवा आहे हे समजल्यावर पहिल्याच रविवारी मी तो शोधायला निघाले, आणि जुना नकाशा बघत बघत जिथे पोहोचले तिथे मोटारींचा रुंद हमरस्ता धडधडत होता. नकाशा चुकला नव्हता. कालवा जिथून शहरात शिरत असे, त्या पट्ट्यातला बराचसा भाग पुढे सेंट पीटर्स वे नावाच्या रस्त्याने गिळला आहे. मराठीत कालवा या शब्दाचा एक अर्थ गोंगाट असाही होतो, आणि त्या दिवशी मला कालवा सापडला तो त्या अर्थाने.

मँचेस्टर, बोल्टन अँड बरी कॅनॉल हे त्याचे पूर्ण नाव. त्याचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा आहे. बेचकीचे एक टोक बोल्टनला, दुसरे बरीला, आणि मूठ खाली सॅल्फर्डला, अरवेल नदीकाठी. तिन्ही फाटे जिथे मिळतात त्या जागेला नॉब एंड म्हणतात. ब्रिटिश संसदेने १७९१ मध्ये या कालव्याचा कायदा मंजूर केला. सगळे फाटे मिळून लांबी साधारण २४ किलोमीटर, म्हणजे आमच्या नीरा डाव्यापुढे ही एखादी वितरिका म्हणावी लागेल. पण लांबीची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण दोन्हींना आपण कालवा म्हणत असलो तरी ही दोन वेगळ्या जातींची कामे आहेत. ही गोष्ट मला कळायला दोन-तीन फेऱ्या जाव्या लागल्या.

आमचा कालवा उतारावर जगतो. धरणातून निघालेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून त्याला सतत किंचित उतार दिलेला असतो, आणि पाणी पोहोचले, जिरले, संपले की कालव्याचे काम झाले. लँकेशायरच्या कालव्याला मात्र पाणी कुठेही पोहोचवायचे नाही. पाण्यावरून माल पोहोचवायचा आहे. त्यासाठी पाणी हलता कामा नये. ते तळहातावर धरल्यासारखे समपातळीत उभे राहिले पाहिजे, म्हणजे काठावरून चालणारा एक घोडा कित्येक टन वजनाची नाव ओढू शकतो. बोल्टनचा फाटा आणि बरीचा फाटा एकाच पातळीवर आहेत. डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत ते जातात आणि दोन्हींवर एकही लॉक नाही. नॉब एंडपासून सॅल्फर्डपर्यंतच्या फाट्यात मात्र १७ लॉक आणि ५७ मीटरांची उतरण.

लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला दगडी हौद. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, हौदातले पाणी खाली सोडायचे, आणि पाण्याबरोबर नाव खालच्या पातळीला आली की पुढचा दरवाजा उघडायचा. नॉब एंडच्या उतारावर, प्रेस्टोलीच्या बाजूला, असे सहा हौद आहेत, तीन-तीनांच्या दोन जिन्यांत. वरच्या हौदाचा पुढचा दरवाजा हाच खालच्या हौदाचा मागचा दरवाजा, अशी ती रचना. सहा लॉकमध्ये नाव जवळजवळ वीस मीटर खाली उतरे. प्रत्येक नावेमागे हौदभर पाणी खाली जाई आणि परत येत नसे. म्हणून बरीजवळ एल्टनचा तलाव बांधून वरच्या फाट्यांना पाणी पुरवावे लागले. त्या काळी बोल्टनहून मँचेस्टरकडे प्रवासी नावाही धावत. त्यातले उतारू प्रेस्टोलीला खाली उतरत, जिन्याच्या कडेने चालत जात आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या नावेत बसत. तेवढाच वेळ वाचे आणि पाणीही. पाण्याच्या काटकसरीपायी माणसांना चालवणारा कालवा म्हटल्यावर मला तो पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

आज त्या हौदांत पाणी नाही. दगड जागचे हललेले आहेत, सांध्यांतून झाडे उगवली आहेत, दरवाजे नाहीत. वरच्या टोकाशी, जिथे जुना पूल होता, तिथे आता मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांची दहापट मोठी नक्कल करून बांधलेला पूल आहे, नटबोल्टांसह. मुले त्यावर खूश असतात. मला तो थोडा शिष्ट वाटतो. खाली एका दगडाच्या कडेला मात्र बोट ठेवून बघण्यासारखे काही आहे. त्यावर बोटभर खोलीच्या गुळगुळीत खाचा आहेत. त्या नाव ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी पडल्या. दोर ओला, त्याला वाळूचे कण चिकटलेले, आणि रोज त्याच कोपऱ्यावर तोच ताण. आमच्या गावच्या आडाच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने अशाच खाचा पडल्या आहेत, आणि लहानपणी आम्ही त्यांत करंगळी घालून कुणाची खोल जाते ते पाहत असू. इथे मी करंगळी घातली, ती पहिल्या पेरापर्यंत गेली.

लँकेशायर म्हटले की आपल्याला कापूस आठवतो, आणि ते बरोबरच आहे. सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये सूत कातण्याचे म्यूल हे यंत्र बनवले ते बोल्टनच्याच एका जुन्या घरात. तात्यांच्या यंत्रावर ज्यांचे नाव होते त्या डॉब्सन अँड बार्लो कारखान्याची सुरुवात १७९० ची, म्हणजे कालव्याच्या कायद्याच्या आदल्या वर्षाची. पण हा कालवा कापसाचा नव्हता. तो मुख्यतः कोळशाचा होता. तो उभा करण्यात मॅथ्यू फ्लेचरसारखे खाणमालक पुढे होते, कारण अरवेलच्या खोऱ्यात काठाकाठाने कोळशाच्या खाणी होत्या आणि गिरण्यांच्या, ब्लीचिंगच्या व कागदाच्या कारखान्यांच्या भट्ट्या तो मागत होत्या. कोळसा नावेत मोकळा भरत नसत. लाकडी पेट्या भरून त्या नावेत ओळीने ठेवत, आणि मुक्कामी क्रेनने पेटी उचलून तिचा तळ उघडला की कोळसा खाली. आज बंदरात दिसणाऱ्या कंटेनरची ही पणजी.

आणखी एक मोह इथेच मोडून टाकायला हवा. तात्यांचे यंत्र याच पाण्यावरून मुंबईला निघाले असेल, असे चित्र मीही काही दिवस मनात रंगवले होते. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. बोल्टन ते सॅल्फर्ड रेल्वे त्याच्या अठरा वर्षे आधी, १८३८ मध्येच धावू लागली होती. तेव्हा जे काही मुंबईला गेले ते रुळांवरून गेले असणार. आणि ही रेल्वे आणली कुणी, तर खुद्द कालव्याच्याच कंपनीने. आधी तर कालवा बुजवून त्याच जागेवर रूळ टाकायचा त्यांचा बेत होता. पण काठावरच्या खाणमालकांनी विरोध केला, म्हणून रेल्वे शेजारून गेली. पुढे ती कंपनी मोठ्या रेल्वे कंपनीत विलीन झाली आणि कालवा सवतीच्या पदरी पडावा तसा रेल्वेच्या पदरी पडला.

नॉब एंडला मी पहिल्यांदा नीट थांबले ते जूनमध्ये. लॉकच्या वरच्या अंगाला एक उघडा, उंचसखल पठारासारखा भाग आहे. तिथे गवतात जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांचे ऑर्किड फुलले होते, एक-दोन नव्हे, पाऊल टाकायला भीती वाटावी इतके. ते पठार म्हणजे कारखान्याची मळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे धुण्याचा सोडा बनवत. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करायची, मग चुनखडी व कोळसा घालून भट्टीत भाजायचे आणि निघालेला सोडा पाण्याने वेगळा करायचा, ही लब्लां पद्धत. सोड्यापेक्षा टाकाऊ माल जास्त निघे. लँकेशायरचे कामगार त्याला गॅलिगू म्हणत. कॅल्शियम आणि गंधक यांचा तो काळपट राडा पावसात भिजला की सडक्या अंड्यांचा वास सुटे. साखर कारखान्याची मळी ओढ्याला सुटल्यावर गावात जेवण जात नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्या वासाची कल्पना वेगळी द्यायला नको.

कारखाना गेला, मळी राहिली. काही दशके तिच्यावर फारसे काही उगवले नसावे. मग पावसाने तिच्यातली दाहकता धुऊन नेली आणि चुन्याचा अंश मागे राहिला. या परगण्यातील जमीन एरवी आम्लधर्मी. चुनखडीच्या डोंगरावर वाढणाऱ्या वनस्पतींना इथे जवळपास कुठेच जागा नाही, आणि ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक, वाऱ्यावर कुठल्या कुठे जाणारे. त्याला हा ढीग सापडला. आता या ढिगाला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. मला तिथे उभे राहून आमच्या शिवारातल्या चोपण जमिनी आठवल्या. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे ऊस घेतला, निचरा झाला नाही, क्षार वर आले, आणि चांगली काळी रानेच्या राने पांढरी पडली. रसायन वेगळे आहे, तिकडचा दोष सोडियमचा. आणि तिथे ऑर्किड येत नाहीत, वेडी बाभूळ येते. तिला कुणी संरक्षण देत नाही.

सप्टेंबरमध्ये, घरी गौरी बसल्या होत्या त्या आठवड्यात, मी उलट बाजूने चालायचे ठरवले. रॅडक्लिफ गावातून निघून बरीच्या फाट्याच्या काठाने नॉब एंडला यायचे. रॅडक्लिफ हे नाव वाचले की भारतीय माणसाला आधी फाळणीची रेषा आठवते, ते असो. हा फाटा बंद असला तरी त्यात पाणी आहे, आणि तेही भरपूर, काठोकाठ. शेवाळी हिरवे, झाडांची उलटी प्रतिबिंबे धरून बसलेले, आणि जागचे न हलणारे. एक पान पडले ते पडले तिथेच राहिले. मी उभी राहून पाहत होते, माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. कालव्यात टाकलेले पान पुढे गेले पाहिजे, आम्ही पुलाच्या एका बाजूने पाने टाकून दुसऱ्या बाजूला पळत जायचो ते कशासाठी? पलीकडे एक म्हातारे गृहस्थ छत्रीखाली गळ टाकून बसले होते. त्यांचा गळही त्या पानाइतकाच निवांत होता.

काठावर गुलाबी फुलांची माणूसभर उंच झुडपे माजली होती. फूल पाहताच मी थबकले, कारण तो तेरडा होता. आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, हिमालयातला. १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून तो ब्रिटनमध्ये आणला गेला आणि बागेतून निसटून नद्यांच्या व कालव्यांच्या काठांवर पसरला. आता उन्हाळ्यात स्वयंसेवक फळी करून तो उपटतात. एक पिकलेली शेंग दिसली. चिमटीत धरायच्या आतच ती फटकन फुटली, साल सुरळीसारखी वळून माझ्या बोटाला चिकटली आणि बी पाण्यात टपटपले. आमच्याकडे काही घरांत तेरड्याच्या रोपांनाच गौर मानून वाजतगाजत आत आणतात. इथे तोच तेरडा उपटून ढीग घालतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण इथल्या स्वयंसेवकांना सांगितली तर त्यांना ती थट्टाच वाटेल.

पुढे माउंट सायन नावाच्या जुन्या ब्लीचिंग कारखान्याच्या जागेशी काठावर वाफेची क्रेन उभी आहे. जुन्या मराठीत हिला यारी म्हणत. लीड्सजवळच्या रॉडलीतल्या थॉमस स्मिथच्या कारखान्यात ती घडली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नावेतला कोळसा उचलून कारखान्यात टाकणे एवढेच तिचे आयुष्यभराचे काम. ती आता रंगवलेली आहे, भोवती कुंपण आहे, माहितीचा फलक आहे. कुंपणाला तोंड लावून मी तिच्या दात्यांच्या चाकाकडे बराच वेळ पाहिले. रंगाच्या थराखालूनही दात्यांची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजलेली दिसते. भार एकाच दिशेने उचलायचा, उलट येताना साखळी मोकळी. म्हणून झीज एकाच अंगाला. तात्या म्हणायचे, यंत्र कुणी कसे चालवले ते यंत्राला विचारावे, फोरमनला विचारू नये.

तिथून पुढे लिटल लीव्हरच्या हद्दीत लेडीशोअर नावाची खाण होती. ती १९४९ मध्ये बंद झाली. काही इमारतींचे अवशेष आहेत, आणि पाण्यात बुडालेल्या नावांच्या लाकडी फासळ्या वर डोकावतात. पहिल्या नजरेला त्या झाडाच्या मुळ्या वाटतात. त्यांच्यावर एक खंड्या येऊन बसला आणि मी मोबाइल काढेपर्यंत निळी रेघ ओढून गेला. या काठाने चालताना कालव्याच्या भिंती काही ठिकाणी चमत्कारिक उंच वाटतात. त्याचे कारण पायाखाली आहे. कालवा कोळशासाठी काढला, आणि तोच कोळसा काढता काढता खालची जमीन पोकळ होऊन खचत गेली. जमीन खचली की पाण्याची पातळी सांभाळायला भिंत चढवायची, पुन्हा खचली की पुन्हा चढवायची. वाहता कालवा वीतभर खचला तर त्या जागी थोडे डबके साचते, पाणी पुढे जाते. उभ्या पाण्याच्या कालव्याला ती मुभा नसते. त्याच्या तळाला मळलेल्या चिकणमातीचे अस्तर असते, ते एका ठिकाणी फाटले की मैलोन्‌मैल पाणी त्या वाटेने निघून जाते. आमच्याकडे कालवा पाझरतो म्हणून काठच्या विहिरींना पाणी असते आणि शेतकरी मनातून खूश असतो. इथे पाझर म्हणजे मरण. म्हणूनच काठावर माणसे नेमलेली असत. कुठे ओल दिसते, कुठे दगड सरकला, कुठे घुशीसारख्या प्राण्याने बीळ पाडले, हे रोज चालत जाऊन पाहणे हीच त्यांची नोकरी. आमच्या पाटकऱ्याचा हा लांबचा सोयरा.

नॉब एंडच्या थोडे अलीकडे पाणी अचानक संपते. आडवा बांध आहे, आणि त्याच्या पुढे कालवा कोरडा. गवत आणि झुडपे माजलेली ती चर काही पावलांवर जाऊन चक्क हवेत तुटते. उजवीकडचा काठ आहे, डावीकडचा नाही. जिथे तो असायला हवा तिथे उतार सरळ खाली अरवेल नदीपर्यंत कोसळलेला दिसतो. ६ जुलै १९३६ रोजी इथे कालव्याची भिंत ढासळली आणि वरच्या फाट्याचे पाणी डोंगरउतारावरून नदीत गेले. रेल्वे कंपनीने हिशेब मांडला. कालव्यावरची वाहतूक आधीच रोडावलेली होती, आणि दुरुस्तीच्या खर्चाइतके तिच्यातून कधी निघेल असे दिसेना. भगदाड तसेच राहिले. बोल्टन आणि सॅल्फर्डकडची वाट तुटली. बरीच्या बाजूला कोळशाच्या नावा त्यानंतरही काही वर्षे चालत होत्या, आणि १९६१ मध्ये कालवा अधिकृतपणे सोडून देण्यात आला. बोल्टनच्या फाट्याला दऱ्यांवरून नेणारे दोन दगडी जलसेतू पाडले गेले. शहरातला तुकडा रस्त्याखाली गेला, तो मला पहिल्याच रविवारी भेटला होता.

१९८७ पासून एक संस्था हा कालवा पुन्हा पाण्याने भरून खुला करण्यासाठी धडपडते आहे, आणि सॅल्फर्डच्या टोकाचा छोटा भाग २००८ मध्ये खुला झालाही. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. तरीही, परक्या गावात बोलू नये ते बोलायचे तर, हे भगदाड बुजवू नये असे माझे मत आहे. क्रेनला रंग देता येतो, लॉकला नवे दरवाजे बसवता येतात. पण कालवा म्हणजे रोजची राखण होती, आणि ती राखण एके दिवशी कुणाला परवडेनाशी झाली, हे सांगणारी सगळ्या वाटेवर एवढी एकच जागा आहे. फलकावरच्या चार ओळींत ते कळत नाही. तिथे काठावर उभे राहून खाली पाहिले की पोटात गोळा येतो, तेव्हा कळते.

हे मत घेऊनच मी तिथून तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. गावी संध्याकाळ झाली होती, ते अंगणात खाटेवर बसले होते. आधी मी पाणी भरलेल्या भागाचे फोटो दाखवले.

"पाणी कुठनं कुठं चाललंय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"कुठंच नाही, तात्या. उभं आहे."

"मग कालवा कसला? तळं म्हण की."

मी कॅमेरा वळवून भगदाड दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन जवळ घेतला. कालवा फुटणे म्हणजे काय ते त्यांना सांगावे लागत नाही. आमच्याकडे एकदा रात्री भराव खचला होता, तेव्हा बायका-पोरांसकट सगळा गाव मातीची पोती घेऊन धावला होता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटून घरांत पाणी शिरले, तेव्हा दूरदर्शनसमोरून ते हलले नव्हते. पाणी ओसरल्यावर तो कालवा दुरुस्त झाला, कारण खाली त्याच्या पाण्यावर रान अवलंबून होते.

"हे कवा फुटलं?"

"छत्तीस साली."

"एकोणीसशे छत्तीस? आन् अजून तसंच?" ते खरोखर दुखावल्यासारखे दिसले. "पाटकरी नव्हता का कोन?"

"होता, तात्या. माणसं होती नेमलेली. पण कालवा रेल्वेचा होता. दुरुस्तीला जेवढा खर्च, तेवढं त्यातून मिळेना, म्हणून सोडून दिला."

"परवडंना म्हन की."

"हो."

ते काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्यामागे गोठ्यात कुणीतरी बादली आपटली. मी माझे मत सांगायचे ठरवले होते, भगदाड का राखावे ते. पण त्या खाटेवर बसलेल्या माणसाला ते कोणत्या शब्दांत सांगावे ते मला सुचेना. मग तात्यांनीच विचारले, त्या बिडाच्या चौकटी वतायचा कारखाना दिसला का? मी म्हटले, कारखाना नाही राहिला, पण शहरातल्या संग्रहालयात क्रॉम्प्टनचे यंत्र आहे, पुढच्या रविवारी जाऊन दाखवते.

"दाव. पन सकाळी लाव फोन. पाऊस न्हाई, सोमवारपासनं पानी सुटतंय म्हनत्यात, पाटकऱ्याला आत्ताच गाठायला पायजे. मागच्या बारीला आपली पाळी शेवटाला टाकली त्यानं."

फोन बंद झाला. मी नॉब एंडच्या दिशेने चालू लागले.